विटांचे जुने मैदान

स्वीडन हा युरोपातला एक थंड देश आहे. स्टॉकहोम ही त्याची राजधानी. या शहरात विटांनी बांधलेले एक जुने क्रीडांगण आहे. त्याची हकीकत आज आपण वाचू या.

1912 साली स्टॉकहोमला ऑलिंपिकचे सामने भरले. त्यासाठीच हे मैदान बांधले. टॉर्बेन ग्रूट नावाच्या वास्तुशिल्पकाराने त्याचा नकाशा काढला. मैदानाचा आकार कसा? घोड्याच्या नालासारखा. तिन्ही बाजूंनी लोकांना बसायला पायऱ्या. नालाच्या उघड्या तोंडाशी आणखी बैठका आणि दोन उंच बुरूज. भिंती गडद विटांच्या. बाहेरून पाहिले तर वाटते, हा एखादा जुना किल्लाच!

ऑलिंपिकच्या वेळी तिथली धावपट्टी 383 मीटरांची होती. पुढे ती 400 मीटरांची केली. आता सगळीकडे एक फेरी 400 मीटरांचीच धरतात. माप सारखे असले, म्हणजे एका गावचा धावणारा आणि दुसऱ्या गावचा धावणारा यांची तुलना नीट होते.

हे मैदान फार मोठे नाही. लोक धावपट्टीच्या अगदी जवळ बसतात. धावणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यावा, इतके जवळ. इथे 80 हून अधिक जागतिक विक्रम झाले आहेत.

पण लहानपणाची अडचणही आहे. इमारत जुनी, म्हणून मनाला येईल तशी पाडून वाढवता येत नाही. आणि मोठ्या फुटबॉल सामन्यांचे नियम तर नवे. त्यामुळे तिथला नामांकित फुटबॉल संघ 2013 साली नव्या मैदानावर गेला. मग जुन्या मैदानाचे काय झाले? ओस पडले काय? नाही. धावणे, उड्या आणि फेकीचे सामने तिथे चालूच राहिले. दरवर्षी उन्हाळ्यात जगातले नामवंत खेळाडू तिथे जमतात.

आपली माणसेही तिथे गेली आहेत. 30 जून 2022 रोजी नीरज चोप्रा यांनी तिथे 89.94 मीटर भाला फेकला आणि दुसरा क्रमांक मिळवला. 2023 साली आपल्या बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे तिथे 3000 मीटरांची अडथळ्यांची शर्यत धावले. 15 जून 2025 रोजी स्वीडनच्या डुप्लांटिस यांनी तिथेच बांबूउडीत 6.28 मीटर उंची गाठली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला.

उपसा असला की विहिरीचे पाणी चांगले राहते. इमारतीचेही तसेच. आपल्या गावातही जुनी तालीम असते, जुनी शाळा असते. पाडायचे ठरवण्याआधी आपण एवढे विचारू या: हिचा आज काय उपयोग करता येईल?