काफ्काची कीर्द

मोठ्या कंपनीत ऑर्डर घेणारी यंत्रणा एक, बिल काढणारी दुसरी, गोदामाचा साठा सांभाळणारी तिसरी, आणि प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. अशा दहा यंत्रणांनी एकमेकींशी थेट बोलायचं ठरवलं तर ४५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी कुणीतरी, कधीतरी, घाईघाईत एक प्रोग्रॅम लिहिलेला असतो आणि तो लिहिणारा बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो.

२०१०च्या सुमारास लिंक्डइनमध्ये याच गुंत्यातून काफ्का हा यंत्रणांमधले निरोप पोचवणारा मध्यस्थ जन्माला आला. जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव हे त्याचे कर्ते. नारखेडे पुण्याच्या; अभियांत्रिकीची पदवीही पुण्यातलीच. नाव क्रेप्स यांच्या आवडत्या लेखकाचं. २०११मध्ये हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं आणि पुढे अपाचे फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं.

निरोप पोचवणारे मध्यस्थ तोवर नव्हते असं नाही. आयबीएमचं एमक्यूसिरीज १९९३पासून बाजारात होतं. तिथे निरोप रांगेत लागतो, घेणारा तो घेतो आणि निरोप रांगेतून जातो. काफ्काचा खाक्या वेगळा. तो दुकानातल्या कीर्दीसारखा आहे: जे घडलं ते घडलं त्या क्रमानं खाली लिहीत जायचं, मागची नोंद खोडायची नाही. ज्याला जी खतावणी हवी ती त्यानं त्यावरून मांडावी.

समजा, एका वहीत ४७११व्या क्रमांकाची नोंद पडली. बिलाची यंत्रणा तिथवर वाचून मोकळी झाली. गोदामाची मात्र ४६९०वर बंद पडली. ती दुपारी सुरू झाली की ४६९१पासून वाचू लागते. मधल्या काळात कुणी कुणासाठी थांबलेलं नसतं. बिलाच्या हिशेबात चूक निघाली तर क्रमांक मागे न्यायचा आणि सगळं पुन्हा वाचायचं. नोंदी किती दिवस ठेवायच्या ते मालकानं ठरवावं. काहीच सांगितलं नाही तर सात दिवस.

माझ्या मते काफ्काचा लवचीकपणा या अलिप्ततेत आहे. नोंदीत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही; त्याच्या लेखी ते नुसते बाइट. म्हणून उद्या अकरावी यंत्रणा आली तरी आधीच्या दहांना हात लावावा लागत नाही. पण याच अलिप्ततेची किंमतही मोजावी लागते. ऑर्डरवाल्यांनी एखाद्या रकान्याचं नाव परस्पर बदललं, तर काफ्का ते निमूटपणे लिहून घेतो आणि बोंब उठते ती वाचणाऱ्यांकडे. मग नोंदीचा साचा आधी तपासणारी स्कीमा रजिस्ट्री शेजारी बसवावी लागते.

क्रमाचीही एक गोम आहे. भार वाटून घेण्यासाठी एका विषयाची वही अनेक पार्टिशनांत विभागतात आणि क्रमाची हमी फक्त एकेका पार्टिशनपुरती असते. ग्राहक क्रमांक ही की दिली की त्या ग्राहकाच्या सगळ्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये पडतात. पुढे काम वाढलं म्हणून कुणी पार्टिशनांची संख्या वाढवली, की वाटणीचं गणित बदलतं: त्याच ग्राहकाची ऑर्डर जुन्या पार्टिशनमध्ये आणि ती रद्द केल्याची नोंद नव्यात. रद्द केल्याची नोंद आधी वाचली जाऊ शकते. म्हणून जाणकार पार्टिशनं पहिल्या दिवशीच थोडी जास्त मागून घेतात.