मॉर्फिन शरीराला सरावतं, तेव्हा हळद उपयोगी पडते का?

मागच्या भागानंतर एका श्रोत्या ताईंनी विचारलं, "बाबांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी मॉर्फिन चालू आहे. डोस वाढतच चाललाय. करक्युमिनच्या कॅप्सूल दिल्या तर वाढ थांबेल का?" प्रश्न हवेतला नाही, त्यामागे खरं संशोधन आहे. म्हणून नीट बोलूया.

आधी एक सांगतो. शरीर औषधाला सरावणं म्हणजे व्यसन नव्हे. आणि कॅन्सरमध्ये डोस वाढतो तो बऱ्याचदा आजार पुढे सरकल्यामुळे. त्यामुळे पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच विचारा: दुखणं वाढलंय की औषध कमी पडतंय?

आता हळदीचा संबंध कुठे येतो? मॉर्फिन चेतापेशींवरच्या रिसेप्टरना चिकटून वेदना दाबतं. रोज दिलं की ते रिसेप्टर सुस्तावतात. पण तेवढंच नाही. मज्जारज्जूत ग्लिया नावाच्या पेशी असतात. कोलोरॅडो विद्यापीठात लिंडा वॅटकिन्स यांच्या गटाने दाखवलं की मॉर्फिनमुळे या पेशी चवताळतात आणि दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात. सेंट लुइसच्या डॅनिएला साल्वेमिनी यांनी पेरॉक्सिनायट्राइट या ऑक्सिडंटकडे बोट दाखवलं. थोडक्यात, मॉर्फिन एका हाताने वेदना दाबतं आणि दुसऱ्या हाताने चेतवतं! मिनोसायक्लिन हे मुरुमांसाठी वापरलं जाणारं अँटिबायोटिक दिल्यावर उंदरांमध्ये हा सराव कमी झाला, तो याच वाटेने.

करक्युमिनचंही उंदरांवर तसंच दिसलं, पण एक गोम आहे. 2011 मधल्या एका प्रयोगात कमी मात्रेने सराव घटला, जास्त मात्रेने उलट वाढला. मग बाबांना किती द्यायचं? माणसांसाठी तो आकडा ठरलेला नाही. शिवाय करक्युमिन पोटातून रक्तात जेमतेम पोचतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या 1998 च्या अभ्यासात मिरीतल्या पायपेरिनसोबत ते वीस पट जास्त पोचलं. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरी घालतात. आणि मला खरी भीती तिथेच वाटते. पायपेरिन यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच एन्झाइमने फेन्टॅनिलचा निचरा होतो. पॅच लावलेल्या रुग्णात औषध साठू शकतं. आमटीतली हळद-मिरी खुशाल खा. कॅप्सूलचं मात्र डॉक्टरांना सांगायचंच, "आयुर्वेदिक आहे" म्हणून लपवायचं नाही.

दाह कमी करून मॉर्फिन कमी लागावं, हे साधायची रुळलेली वाट आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1986 च्या वेदना-शिडीत मॉर्फिनसोबत पॅरासिटामॉल किंवा दाहशामक गोळी बसते. मूत्रपिंड, जठर बघून ती डॉक्टर ठरवतील.

आणि कॅप्सूल सुरू केली म्हणून मॉर्फिन आपल्या मनाने बंद करू नका. ते अचानक थांबवलं तर त्रास होतोच. शिवाय काही दिवसांत सराव उतरतो आणि मग जुनाच डोस पुन्हा दिला तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. खंड पडलाच तर आधी डॉक्टरांना फोन, मग गोळी.