जुन्या संगणकात मोडेम व नेटवर्क कार्ड बसविताना

आपल्या संस्थेच्या कार्यालयातील माळ्यावर एक जुना ४८६ संगणक बरीच वर्षे पडून होता, हे बहुतेक सभासदांना ठाऊक आहेच. गेल्या वर्षी तो खाली उतरविला आणि भंगारात द्यावा असे जवळजवळ ठरलेही होते. त्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी आठवण करून दिली की, सभागृहाच्या बांधकामासाठी ज्यांनी देणगी दिली, ज्यांनी श्रमदान केले, त्या सर्वांची यादी याच यंत्रात भरलेली होती. कागदी नोंदवही खालच्या कपाटात होती. २६ जुलै २००५ च्या महापुरात तिचा लगदा झाला. म्हणजे आता जे काही होते ते या एका डब्यात.

हे काम माझ्याकडे आले. मी बँकेत लिपिक. पदवी कला शाखेची, विषय मराठी. तेव्हा मी काही तज्ज्ञ नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु १९९९ साली याच संगणकात मोडेम बसविताना मी तिथे उभी होते आणि त्या दिवशी जे शिकले ते या वेळी उपयोगी पडले. विद्यार्थी मित्रांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून ते येथे मांडीत आहे.

प्रथम १९९९ ची हकीकत. अभ्यासिकेतील मुलांना परीक्षांची व नोकरीची माहिती मिळावी, परगावी व परदेशी गेलेल्या सभासदांना ई-मेल पाठविता यावा, यासाठी वर्गणी काढून एक मोडेम घेण्यात आला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते आणि तेथवर जायचा रस्ता म्हणजे आपला टेलिफोन. टेलिफोनची तार माणसाचा आवाज वाहून नेण्यासाठी असते. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातले स्वर तिच्यातून नीट जातात. संगणकाची भाषा शून्य आणि एकची. तिचे स्वरांत रूपांतर करणारा आणि पलीकडून आलेल्या स्वरांचे पुन्हा आकडे करणारा दुभाषी म्हणजे मोडेम होय. जोडणी होताना जो कर्कश आवाज येई तो दोन मोडेमचा परस्परपरिचय असे.

दुकानदाराच्या माणसाने मोडेम बसवून दिला. फोन लागे, परंतु लागताक्षणी माउस जागच्या जागी गोठून जाई. मोडेम खराब म्हणून तो परत घेतला आणि वर पैसे घेऊन दुसरा दिला. त्यानेही तेच! वर्गणीचे पैसे संपत आलेले आणि मुले विचारीत, कधी सुरू होणार? शेवटी टेलिफोन खात्यात नोकरी करणारे शेजारचे काका आले. झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात त्यांनी कार्ड पाहिले आणि म्हणाले, "अगं, मोडेम काही वाईट नाही. याची आणि माउसची घंटा एकच आहे."

ही घंटेची गोष्ट कळली की निम्मे काम झाले. जुन्या कचेऱ्यांत साहेबांच्या प्रत्येक केबिनमध्ये एक बटण असे आणि बाहेर शिपायाच्या डोक्यावर पाटी. बटण दाबले की पाटीवर त्या केबिनचा क्रमांक दिसे आणि शिपाई तिकडे जाई. संगणकातही असेच आहे. प्रोसेसर आपल्या कामात गुंतलेला असतो. कळफलकावर कळ दाबली, मोडेमकडे अक्षर आले, की तो तो भाग आपली तार ओढून 'इकडे बघा' असे सांगतो. या तारेला आयआरक्यू म्हणतात. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीमध्ये अशा ८ तारा होत्या. १९८४ च्या एटी संगणकापासून त्या १६ झाल्या, पण त्यांतील एक दुसऱ्या गटाला जोडण्यात खर्च होत असल्यामुळे हाती उरल्या १५. त्यांतही शून्य घड्याळाच्या ठोक्याला, १ कळफलकाला, ६ फ्लॉपीला, ७ प्रिंटरला, १४ हार्ड डिस्कला, अशा बऱ्याच आधीच वाटून गेलेल्या. नव्या कार्डासाठी सहसा ५, ९, १०, ११ यांतूनच निवड करावी लागे.

खरी गोम सिरियल पोर्टमध्ये होती. कॉम १ व कॉम ३ या दोघांना परंपरेने ४ क्रमांकाचीच तार, आणि कॉम २ व कॉम ४ यांना ३ क्रमांकाची. आमचा माउस कॉम १ वर होता आणि मोडेम कारखान्यातून कॉम ३ वर बसवून आलेला. दोघांचे पत्ते निराळे, माउसचा ३एफ८ आणि मोडेमचा ३ई८, म्हणून वरवर पाहता सर्व ठीक. पण घंटा एकच! मोडेम बोलू लागला की माउसची हाक कोणी ऐकत नसे. जुन्या आयसा खाचांत दोन कार्डांना एक तार वाटून घेता येत नाही. पुढे पेंटियमच्या काळात रूढ झालेल्या पीसीआय खाचांत ती वाटता येऊ लागली, त्यामुळे नव्या पिढीला हा त्रास ठाऊक नाही.

काकांनी काय केले, तर मोडेमवरील पिनांच्या जोडीवर बसविलेले मुगाच्या दाण्याएवढे प्लॅस्टिकचे टोपण, ज्याला जंपर म्हणतात, ते चिमट्याने उचलून ५ च्या पिनांवर बसविले. आमच्या यंत्रात साउंड कार्ड नव्हते, म्हणून ५ मोकळी होती. असते तर ती बहुधा त्याने घेतलेली असती. मग विंडोज ९५ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेमच्या नावाखाली आयआरक्यू हाताने ५ केला, कारण कार्डाने एक सांगावे आणि विंडोजने दुसरेच धरून चालावे, हेही चालत नाही. पाच मिनिटांचे काम. दुसऱ्या मोडेमचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

नंतर आणखी एक अडचण आली, ती सांगण्यासारखी आहे. परदेशी बनावटीच्या मोडेमला आपल्याकडील डायल टोन कधी कधी ओळखू येत नसे आणि तो 'डायल टोन नाही' असे म्हणून स्वस्थ बसे. त्याला 'एटीएक्स३' ही आज्ञा दिली की तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवी. जुन्या एक्स्चेंजवर 'एटीडीटी'ऐवजी 'एटीडीपी' लिहावे लागे, म्हणजे तो स्वरांऐवजी जुन्या चकतीच्या फोनसारखे ठोके पाठवी.

टेलिफोनवरून इंटरनेट ही सोय आज व्यवहारात उरलेली नाही, त्यामुळे या वेळी यादी बाहेर काढण्यासाठी मोडेमचा उपयोग नव्हता. वाचक विचारतील, हार्ड डिस्क काढून सरळ यूएसबी अडॅप्टरला का लावली नाही? लावून पाहिली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कित्येक डिस्क आपली जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगतात. आजच्या बहुतेक अडॅप्टरना ती भाषा येत नाही. आमच्या डिस्कला दोन्ही अडॅप्टरनी ओळख दिली नाही. फ्लॉपी म्हणावी तर ४२० मेगाबाइटच्या डिस्कला सुमारे ३०० फ्लॉप्या लागतील, आणि यादी नेमकी कोणत्या फाइलमध्ये आहे हे तर कोणालाच आठवत नव्हते. म्हणून संपूर्ण डिस्कच नेटवर्कवरून उतरवून घ्यायची असे ठरविले.

नेटवर्क कार्ड डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे आपल्या लॅमिंग्टन रोडवर, जुन्या मालात मिळाले. नॉव्हेल कंपनीच्या एनई२००० या कार्डाची नक्कल. अशा नकला तैवानपासून सर्वत्र निघाल्या आणि म्हणूनच त्यांचे ड्रायव्हर आजही सहज मिळतात. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, कार्डाची खालची सोनेरी पट्टी दोन तुकड्यांची, म्हणजे १६ बिटांची असावी. कारण १०, ११ या तारा खाचेच्या मागच्या तुकड्यातच असतात. दुसरे, मागे टेलिफोनच्या प्लगपेक्षा रुंद असे आरजे-४५ चे भोक असावे. केवळ गोल बीएनसी जोड असलेले कार्ड स्वस्त मिळते, पण आजच्या राउटरला ते लागणार नाही.

बीएनसीवरून आठवले. मी बँकेत लागले तेव्हा आमच्या शाखेत त्याच काळ्या कोॲक्सियल केबलचे जाळे होते. एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत एकच केबल, प्रत्येक संगणकापाशी इंग्रजी टी अक्षरासारखा जोड आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. एक तुकडा जास्तीत जास्त १८५ मीटर. एके दिवशी टेबल सरकविताना टोकाचा टर्मिनेटर निघाला आणि सबंध शाखा ठप्प झाली. टोक उघडे राहिले की संदेश भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा मागे येतो आणि सगळ्यांचेच बोलणे एकमेकांत मिसळते. आम्ही तासभर सर्व्हरकडे संशयाने पाहत होतो, आणि टर्मिनेटर केराच्या टोपलीत सापडला.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वांत आधी प्लग भिंतीतून काढावा. केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या एटी कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत २३० व्होल्टची तार आलेली असते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातील स्थितिक वीज उतरवावी, मगच कार्डाला हात लावावा, तोही कडेने. खाचेत ते दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबावे, डुलवू नये, आणि वरचा स्क्रू आवळावा. तो न आवळल्यास केबल लावताना कार्ड तिरपे होते. आमच्या एका खाचेत पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड होते, ज्यामुळे डॉसमध्ये देवनागरी उमटत असे. त्याला हात लावला नाही.

यंत्र सुरू केले तर 'हार्ड डिस्क नाही' असा संदेश! घाबरण्याचे कारण नाही. मदरबोर्डवरील बॅटरी इतक्या वर्षांत संपलेली असते आणि डिस्कचे माप यंत्र विसरलेले असते. सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे डिस्कच्या वरच्या कागदावर छापलेले असतात. ते सेटअपमध्ये जसेच्या तसे भरावेत. अंदाजाने काहीही भरून डिस्कवर लिहू मात्र नये.

मग कार्डाची तार आणि पत्ता ठरविणे. डॉस ६ सोबत एमएसडी नावाचा प्रोग्रॅम येत असे. तो कोणती तार कोणाकडे आहे ते दाखवितो. आमच्याकडे ५ मोडेमकडे अजून होतीच, म्हणून १० घेतली. पत्ता ३०० ठेवला, हा षोडशमान पद्धतीतील आकडा आहे. एनई२००० सलग ३२ पत्ते अडविते, म्हणजे ३०० पासून ३१एफ पर्यंत. येथे एक सापळा आहे. पत्ता ३६० ठेवला तर ते ३७एफ पर्यंत पसरते आणि प्रिंटरचा पत्ता ३७८ त्यात सापडतो. आमच्या शाखेत एकदा हेच झाले होते. नेटवर्क उत्तम चाले आणि प्रिंटर मुका. प्रिंटरची केबल दोनदा बदलली, तेव्हा कुठे कोणाला पत्त्यांची शंका आली.

पुढचे सारे एका फ्लॉपीत मावते. फ्लॉपी नव्या संगणकावर यूएसबी ड्राइव्ह लावून भरली. जुने यंत्र सुरू होताना एफ८ दाबून विंडोजऐवजी नुसत्या डॉसमध्ये नेले आणि एनई२००० चा पॅकेट ड्रायव्हर चालविला. त्याला तीन आकडे द्यावे लागतात: सॉफ्टवेअर इंटरप्ट, जो आम्ही ६० दिला, तार आणि पत्ता. यांपैकी तार आणि पत्ता कार्डावर ठरविलेलेच हवेत. त्यावर मायकेल ब्रुटमन यांचा मोफत मिळणारा एमटीसीपी हा संच. त्यातील डीएचसीपी प्रोग्रॅमने कार्यालयातील राउटरकडून नेटवर्कचा पत्ता मागून घेतला. हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर पत्ता उमटला तेव्हा अभ्यासिकेतील मुले खुर्च्यांवर उभी राहिली होती! राउटर जरी १००० मेगाबिटचा असला तरी असे बहुतेक राउटर या १० मेगाबिटच्या कार्डाशी जुळवून घेतात. त्यानंतर जुन्या यंत्रावर एफटीपी सर्व्हर चालू करून नव्या संगणकावरून सारी डिस्क ओढून घेतली. दुपार गेली. डॉसमुळे फाइलींची लांब नावे आठ अक्षरांवर तुटली, ती एका कागदावर जुळवून लिहून ठेवावी लागली.

यादीची फाइल सापडली, पण उघडल्यावर सगळी चित्रविचित्र चिन्हे. नवीन मुलांना वाटले, खराब झाली. ती खराब नव्हती. जिस्टची मराठी इस्की या संकेतात असते, ज्याचे भारतीय मानक १९९१ चे आहे, आणि आजचे संगणक युनिकोड वाचतात. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीच इस्कीवरून बेतलेली असल्यामुळे एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे फारसे अवघड नाही. अभ्यासिकेतील बारावीच्या एका मुलीने पायथॉनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि संध्याकाळी नावे वाचता येऊ लागली. रकाने तीन: नाव, तारीख, काय दिले. कोठे रक्कम, कोठे 'सिमेंट एक गोणी', कोठे 'दोन दिवस विटा वाहिल्या'. माझ्या आईच्या नावापुढे 'पाणी भरले, आठ दिवस' असे आहे. ती आता नाही, आणि हे तिने घरी कधी सांगितले नव्हते.

यादीची छापील प्रत कार्यालयात ठेवली आहे. रूपांतरात काही जोडाक्षरे चुकली आहेत, तेव्हा सभासदांनी आपल्या घरच्यांची नावे पाहून पेन्सिलीने दुरुस्ती करावी. यंत्र अभ्यासिकेत कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवले आहे, मोडेम आणि नेटवर्क कार्ड दोन्ही आत आहेत. ज्या विद्यार्थ्यांना झाकण उघडून जंपर पाहावयाचा असेल त्यांनी जरूर पाहावा. मात्र प्लग काढून.