कार्ब्युरेटर गेला, संगणक आला

मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं की 1089 सीसीच्या इंजिनाभोवतीचा जवळजवळ प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे. गाडी आचके देऊ लागली तर मेकॅनिक कार्ब्युरेटरचं जेट फुंकून साफ करी, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने घासून त्यांतली फट पुन्हा जुळवी. पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि तयार कान एवढ्यावर काम भागे.

आजच्या पेट्रोल गाडीत कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, करतो. हे उगाच झालेलं नाही. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर 1 भाग पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा हे प्रमाण सांभाळावं लागतं. थंडी, घाट, रहदारी यांत कार्ब्युरेटरला ते जमत नाही. म्हणून धुराच्या वाटेवरचा सेन्सर उरलेला ऑक्सिजन सतत मोजतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. शहरात श्वास घेणाऱ्या प्रत्येकासाठी ही गुंतागुंत मला मोलाची वाटते.

खटकतं ते वेगळंच. ईसीयूला जोडलेल्या स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड लक्षण सांगतो, कारण नव्हे. कनेक्टर सैल असला तरी चांगला सेन्सर बदलला जातो. शिवाय काही भाग बदलल्यावर कोडिंग, म्हणजे नव्या भागाची ईसीयूला ओळख करून देणं, गरजेचं असतं आणि त्याचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडेच असतं. हे सॉफ्टवेअर आणि दुरुस्तीची माहिती नाक्यावरच्या गॅरेजलाही रास्त दरात मिळायला हवी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 साली तसा कायदाच केला.