इंजिन ठोकतंय? उतरवायच्या आधी आवाज कुठला ते ओळखा

कुरुंदवाड : "मेस्त्री, आवाज कसला येतोय बघा की." कुरुंदवाड असो, जयसिंगपूर असो नाहीतर इचलकरंजी, गॅरेजच्या दारात हे वाक्य नेहमीचं. जाणता मेस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. आधी विचारतो, "काका, थंड गाडीला येतोय का गरम झाल्यावर? उभ्या गाडीला का चढाला?" निम्मं निदान या दोन प्रश्नांतच होतं. ऐकल्या ऐकल्या 'इंजिन उतरवाय लागतंय' म्हणणारा भेटला, तर गाडी सोडायच्या आधी दुसऱ्या ठिकाणी दाखवलेली बरी. किरकोळ काम आणि पूर्ण इंजिन काम यांत उसाच्या एका बिलाचा फरक पडतो.

सगळ्यात पहिलं काम घरीच करता येतं. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. ऑईलची पट्टी काढून पुसा, परत घाला आणि मग बघा. ऑईल खालच्या खुणेच्या खाली असेल तर आवाजाचं कारण तिथंच असू शकतं. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी अजिबात चालू करू नका. आणि आवाजासोबत डॅशबोर्डवर ऑईलचा लाल दिवा लागला, तर गाडी आहे तिथंच बंद करायची. 'गावापर्यंत जाऊ दे' म्हणून नेलेली गाडी पुष्कळदा गावात पोचते ती टोचन करूनच.

आता आवाज. वरच्या बाजूनं शिलाई मशीनसारखी बारीक टिकटिक येत असेल, तर बहुधा टॅपेट. हे भाग क्रँकच्या निम्म्या वेगानं चालतात, म्हणून आवाजही इंजिनच्या फेऱ्यांपेक्षा सावकाश वाटतो. टॅपेट सेटिंग किंवा ऑईल बदलणं एवढ्यावर काम भागू शकतं. सकाळी थंड इंजिनला खडखड आणि गरम झाल्यावर गप्प, असं असेल तर पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झालाय. गाडी जुनी झाल्याचं ते लक्षण आहे, पण ऑईल खात नसेल तर लगेच घाबरायचं कारण नाही.

भीती आहे ती खालून येणाऱ्या जड 'ठक ठक' आवाजाची. गाडी गरम झाली की वाढतो, एक्सलेटर दाबून सोडला की जास्त ऐकू येतो. हा कनेक्टिंग रॉडच्या शेल बेरिंगचा आवाज. गरम ऑईल पातळ होतं, झिजलेल्या बेरिंगमधली फट भरून काढत नाही, म्हणून धातूवर धातू आपटतो. खात्री करायची जुनी पद्धत अशी की, मेस्त्री एकेका सिलिंडरचं काम थोडा वेळ बंद करतो, पेट्रोल गाडीत इग्निशन, डिझेलमध्ये नोझल. ज्या सिलिंडरला ठोक कमी होतो, दोष त्याच ठिकाणी. लांब पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाजवळ धरूनही आवाजाची जागा कळते, फक्त फिरता पट्टा आणि पंखा सांभाळा. काढलेल्या ऑईलमध्ये चकाकी दिसते का तेही बघतात. इथं एक गैरसमज आहे. चुंबक फिरवून काही चिकटलं नाही म्हणजे बेरिंग चांगलं, असं नाही. शेलचा वरचा थर अॅल्युमिनियम किंवा तांब्याच्या मिश्रणाचा असतो, तो चुंबकाला लागतच नाही.

कधी कधी इंजिन ठणठणीत असतं आणि दोष इंधनाचा असतो. पेट्रोल गाडी चढाला, वरच्या गिअरमध्ये ओढताना खड्यांचा डबा हलवल्यासारखी वाजते. सिलिंडरमधला वायू ठिणगीनं पेटल्यावर उरलेला भाग वेळेआधी एकदम भडकतो, त्याचा हा आवाज. ऑक्टेन कमी असणं, आत कार्बन साठणं, इंजिन तापणं ही कारणं. १९२१ साली अमेरिकेत यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शिसं घालण्याचा शोध लागला. ते विषारी निघालं आणि भारतात २००० साली ते बंद झालं.

आता लोक इथेनॉलला दोष देतात. खरं तर इथेनॉलचं ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळं २० टक्के मिश्रणानं हा आवाज वाढू नये. जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि मायलेज हा वेगळा विषय. अडचण होते ती टाकीत पाणी गेल्यावर. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि दोन्ही तळाशी बसतात. तेच आधी इंजिनात जातं, गाडी धक्के देते, बंद पडते. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन मात्र कमी झालेलं असतं. अशा वेळी टाकी रिकामी करून धुणं हाच उपाय.

पंचगंगा-कृष्णेच्या काठावर हे नवीन नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. पाणी ओसरल्यावर सगळ्यात मोठं नुकसान एका सेल्फनं होतं. सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी नंतर कशीबशी चालते, पण काही दिवसांनी ठोकायला लागते. म्हणून पुरात सापडलेल्या गाडीची बॅटरीची वायर आधी काढायची. मग प्लग किंवा नोझल काढून क्रँक हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं, ऑईल आणि फिल्टर बदलायचे, सेल्फ त्यानंतरच. विम्याचाही मुद्दा आहे. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराची भरपाई मिळते, पण पाण्यात सेल्फ मारून इंजिन मोडलं तर बहुतेक वेळा दावा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं जादा कव्हर वेगळं घ्यावं लागतं. पावसाळ्याआधी आपल्या पॉलिसीत ते आहे का हे एजंटला विचारून घ्या, आणि पाण्यातून काढलेल्या गाडीचे फोटो सेल्फला हात लावायच्या आधीच काढून ठेवा.