जोडीत आधी कोण?

पोलादपूर तालुक्यात कोतवाल नावाची दोन गावे आहेत, कोतवाल बुद्रुक आणि कोतवाल खुर्द. कापडे आणि कुडपण यांचीही अशीच जोडी. शेजारच्या महाड तालुक्यात शिवथर तीन: आंबे शिवथर, कसबे शिवथर आणि कुंभे शिवथर. एसटीच्या पाटीवर ही नावे रोज वाचणाऱ्याला त्यांत वेगळे काही जाणवत नाही. पण नीट पाहिले तर शिवथरची ओळख पटवणारा शब्द नावाच्या आधी येतो आणि कोतवालची ओळख पटवणारा नावानंतर.

मराठीत विशेषण नामाच्या आधी बसते. फारसीत ते नामाच्या मागून येते. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी रूप, म्हणजे थोरले, ‘खुर्द’ म्हणजे धाकटे. महसुली दप्तरांतून हे शब्द गावांच्या नावांना चिकटले, आणि येताना आपली जागाही घेऊन आले. पुढे याच महाड तालुक्यातल्या रायगडावर राजधानी असताना शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राजव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. बुद्रुक-खुर्द मात्र आजही जागचे हललेले नाहीत.

एका विशेषणाची जागा ठरली, पण विशेषणे दोन असली तर? इंग्रजीत ‘बिग रेड बस’ म्हणतात. ‘रेड बिग बस’ म्हटले की कानाला खटकते. इंग्रजी लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी सुमारे सात वर्षांचे असताना एका ड्रॅगनची गोष्ट लिहिली होती. तिच्यात त्यांनी ‘हिरवा’ आधी आणि ‘प्रचंड’ नंतर लिहिले, तेव्हा आईने क्रम बदलायला सांगितला. असे का, हा प्रश्न त्यांना मोठेपणीही सुटला नव्हता, हे त्यांनी १९५५ मध्ये एका पत्रात नोंदवले आहे.

या प्रश्नाचे एक पटण्यासारखे उत्तर २०१७ मध्ये ग्रेगरी स्कॉन्ट्रास, ज्युडिथ डेगन आणि नोआ गुडमन या संशोधकांनी दिले. ज्या विशेषणाबद्दल माणसामाणसांत मतभेद होऊ शकतात ते नामापासून लांब राहते. ज्याबद्दल फारसा वाद नसतो ते नामाला बिलगते. ‘सुंदर मोठे सागवानी कपाट’ हेच घ्या. सुंदर की नाही यावर घरातल्या चौघांची चार मते होतील, मोठे की लहान यावर थोडी चर्चा होईल, पण लाकूड सागाचे आहे यावर कोण भांडणार? म्हणून ‘सागवानी’ कपाटाच्या अगदी शेजारी. मराठी या बाबतीत इंग्रजीइतकी कडक नाही, तरी कल तोच आहे. ‘मोठी लाल एसटी’ सहज बोलले जाते. ‘लाल मोठी एसटी’ म्हटले, तर मोठ्या गाड्यांपैकी लाल ती, असा वेगळा रोख येतो.

इंग्रजी लिहिताना दोन विशेषणांमध्ये स्वल्पविराम द्यायचा की नाही, याचा उलगडाही मराठीतून होतो. मध्ये ‘आणि’ घालून पाहावे. ‘लांब आणि दमवणारी चढण’ चालते, म्हणजे दोन्ही विशेषणे बरोबरीची आहेत. तिथे स्वल्पविराम द्यावा. ‘मोठी आणि लाल एसटी’ अवघडल्यासारखे वाटते. तिथे देऊ नये.

मराठीची खरी श्रीमंती मात्र दोन विशेषणे एकजीव होतात तिथे आहे. पावसाळ्यात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागले की डोंगर हिरवागार, दरी हिरवीगार, रान हिरवेगार. रानात शिरावे तर ‘हिरव्यागार रानात’. लिंग, वचन आणि विभक्तीचा सगळा बदल शब्दाच्या पोटात होतो आणि शेवटचा ‘गार’ तसाच राहतो. ‘मोडकातोडका साकव’ घेतला तर बदल दोन्हीकडे होतो: मोडक्यातोडक्या साकवावरून. ‘लालभडक’मध्ये कुठेच काही बदलत नाही. तीन जोड्या, तीन तऱ्हा, आणि शाळेचे तोंड न पाहिलेली आजीसुद्धा यांत चुकत नाही.

शिवाय प्रत्येक रंगाचा जोडीदार ठरलेला. हिरवा गार, निळा शार, पिवळा धमक, पांढरा शुभ्र. काळ्याला तर नामाप्रमाणे जोडीदार बदलावा लागतो: कातळ काळाकभिन्न, रात्र काळीकुट्ट, केस काळेभोर. इंग्रजीत ‘स्नो-व्हाइट’, ‘पिच-ब्लॅक’ असे म्हणताना जोर देणारा शब्द आधी येतो. मराठीत आधी रंग, मग जोर.

आता यमक जुळवणाऱ्या जोड्या पाहू. ओबडधोबड, अघळपघळ, उलटसुलट, आडवातिडवा, उरलासुरला. या सगळ्यांत स्वराने सुरू होणारा शब्द पहिला आहे. ‘धोबडओबड’ कोणी म्हणत नाही. दुसरा एक गट असा: जुनापुराणा, भोळाभाबडा, लुळापांगळा, काळासावळा. इथे आखूड शब्द आधी आणि लांब नंतर. नियम पोलादी नाहीत, अपवाद सापडतात, पण ओढ स्पष्ट आहे. थक्क करणारी गोष्ट ही, की जवळजवळ अशाच दोन ओढी पाणिनीने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी संस्कृतातल्या द्वंद्व समासासाठी सूत्रबद्ध केल्या. स्वराने सुरू होऊन ‘अ’ने संपणारा शब्द पहिला, म्हणून उष्ट्रखर, आधी उंट मग गाढव. कमी स्वरांचा शब्द पहिला, म्हणून प्लक्षन्यग्रोध, ही दोन झाडांची नावे. युरोपात भाषाभ्यासक ओटो बेहागेल यांनी लहानाकडून मोठ्याकडे जाणारा हा क्रम १९०९ मध्ये मांडला. रायवळ आंब्याची चव आपण ‘आंबटगोड’ म्हणतो, ‘गोडआंबट’ नाही. त्यात आखूड शब्द मागे पडला आहे, कारण स्वराचा मान मोठा ठरला.

तेच विशेषण दोनदा म्हणण्याची सवयही इथलीच. ‘मोठे दगड’ आणि ‘मोठेमोठे दगड’ यांत फरक आहे. दुसऱ्यात दगड पुष्कळ आहेत आणि त्यांतला एकेक मोठा आहे. भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांमध्ये अशी समान लक्षणे आढळतात, हे भाषाभ्यासक मरे एमेनो यांनी १९५६ च्या प्रसिद्ध निबंधात दाखवले. त्यामुळे एखादे मूल ‘बिग बिग स्टोन्स’ लिहिते तेव्हा ते आपल्या भाषेचा एक नेमका अर्थ इंग्रजीत पोचवू पाहत असते. तिथे नुसती लाल रेघ मारणे हा त्या मुलावर अन्याय आहे. त्याला काय म्हणायचे होते ते आधी मराठीत बोलून घ्यावे, मग इंग्रजीत तो अर्थ कसा सांगतात ते दाखवावे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तेव्हा सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी हिरवागार, मोडकातोडका, आंबटगोड आधीच रुळलेले असतात.  

या भागातल्या शिक्षकांना एकच विनंती. येत्या पावसात मुलांना तासभर वर्गाबाहेर न्या. कातळ, ओढा, भाताची खाचरे पाहून त्यांना सुचतील त्या जोड्या वहीत लिहून घ्या, आणि घरी आजी-आजोबांना विचारून आणखी दहा आणायला सांगा. विशेषणांचा इंग्रजी धडा त्यानंतर उघडा.