फिरत्या साणेची शिस्त

देवघरातील सहाणेवर चंदन उगाळले जाते, सुतार रंधा मारून झाल्यावर लाकडावर काचकागद फिरवतो आणि शेतकरी सुगीपूर्वी आपला विळा साणेवर धरतो. ही कामे वरवर निराळी दिसत असली तरी त्यांच्या मुळाशी तत्त्व एकच आहे. कठीण पदार्थ मऊ पदार्थास झिजवतो, आणि त्या झिजण्यातून मनुष्य हवा तो आकार, हवी ती धार वा हवा तो गुळगुळीतपणा साधून घेतो. शतकानुशतके हे काम हातापायांच्या वेगाने चालत आले. हात थकला की दगड थांबे, आणि चूक झालीच तर बोटाला खरचटण्यापलीकडे सहसा काही होत नसे. विजेची मोटर आली आणि हे सारे पालटले. दगड तोच राहिला, पण त्याचा वेग माणसाच्या आटोक्याबाहेर गेला.

हुबळीसारख्या गावात यंत्रांचे अप्रूप कोणास वाटणार? रेल्वेचा जुना कारखाना येथे आहे. गोकुळ रस्त्यावर लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत आहे. आपल्या विद्यानगरात तर १९४७ साली स्थापन झालेले भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे विद्यापीठ झाले. अशा परिसरात घरोघरी एखादा हौशी कारागीर असावा, त्याने परसातील पडवीत वा गच्चीवरील खोलीत आपली छोटी कार्यशाळा मांडावी, हे स्वाभाविकच होय. या घरगुती कार्यशाळांतून दोन यंत्रे हल्ली वरचेवर दिसू लागली आहेत. एक बेल्ट सँडर, म्हणजे काचकागदाचा अखंड पट्टा फिरवणारे यंत्र, आणि दुसरे ग्राइंडर. ग्राइंडर म्हणताच आपल्या माताभगिनींच्या डोळ्यांपुढे इडलीचे पीठ वाटण्याचे यंत्र उभे राहील. परंतु आम्ही येथे बोलत आहोत ते धातू घासणाऱ्या, कापणाऱ्या आणि धार लावणाऱ्या ग्राइंडरविषयी. ही यंत्रे वापरू नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांचे नियम मात्र पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावेत, कारण यातील प्रत्येक नियमाच्या पाठीशी एक साधे शास्त्र उभे आहे.

प्रथम चाकाची ओळख करून घेऊ. पूर्वी साणेसाठी वालुकाश्म अथवा एमरी नावाचा नैसर्गिक दगड वापरीत. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांना विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड हा अत्यंत कठीण पदार्थ मिळाला. ‘कार्बोरंडम’ हे त्याचे नाव पुढे जगभर रूढ झाले. आपल्याकडे १९४१ साली मुंबईजवळ उरण येथील मोरा गावी ग्राइंडिंगची चाके बनवण्याचा कारखाना निघाला, आणि १९५४ साली मद्रासेत दुसरी मोठी कंपनी उभी राहिली. म्हणजे आपण हाती धरतो ते चाक खाणीतील अखंड दगड नसून मानवनिर्मित वस्तू आहे. कठीण कण एका चिकट द्रव्यात मिसळून, साच्यात दाबून आणि भाजून ते तयार होते. कणांची मजबुती अफाट असली तरी त्यांना धरून ठेवणाऱ्या द्रव्याची मजबुती मर्यादित असते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

आता थोडे गणित करू. मेजावर बसवलेल्या साध्या ग्राइंडरचे चाक १५० मिलिमीटर व्यासाचे असते आणि मोटर मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेते. व्यासास पायने गुणले की परीघ सुमारे ०.४७ मीटर येतो. त्यास फेऱ्यांनी गुणून ६० ने भागले म्हणजे चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे २२ मीटर, अर्थात ताशी ८० किलोमीटर निघतो. हा वेग महामार्गावरील मोटारीचा झाला! हातात धरायच्या लहान ग्राइंडरची चकती अवघी १०० मिलिमीटरची, पण तिचे फेरे मिनिटाला सुमारे ११,०००. तिच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरहून अधिक, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. फिरणारे चाक डोळ्यांना स्थिर दिसते. त्याचा खरा वेग दृष्टीस कळत नाही, तो कागदावरच कळतो. म्हणूनच शाळेतील परिघाचे सूत्र हे कार्यशाळेतील पहिले संरक्षक साधन आहे, असे आम्ही मानतो.

या गणितावरून पहिला नियम आपोआप निघतो. प्रत्येक चाकावर व चकतीवर तिचा कमाल वेग छापलेला असतो; यंत्राचे फेरे त्याहून अधिक असता कामा नयेत. काही लोक लहान ग्राइंडरचे संरक्षक आवरण काढून त्यावर मोठी चकती चढवतात, कारण लहान चकती खोलवर कापत नाही. याचा हिशेब पाहा. सेकंदाला ८० मीटर वेगासाठी बनवलेली १८० मिलिमीटरची चकती ११,००० फेऱ्यांच्या यंत्रावर चढवली, तर तिच्या कडेचा वेग १०३ मीटरच्या पुढे जातो. चकतीस फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो ठरलेल्या मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होतो. शिवाय तुकडे अडवणारे आवरण तर आधीच काढून टाकलेले! अशी चकती फुटली तर तिचे तुकडे बंदुकीतून सुटल्याप्रमाणे येतात आणि समोरच्यास चुकवावयास क्षणही मिळत नाही. लाकूड कापण्याची दातेरी चकती या यंत्रावर चढवणे हाही असाच आत्मघात होय. तिचा दात लाकडात अडकताच यंत्र हातातून उसळते.

कुंभाराकडून मडके घेताना आपल्या आजीबाई ते बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजले तर पक्के, भद्द वाजले तर तडा गेलेले. मेजावरच्या ग्राइंडरचे भाजलेले चाक बसवण्यापूर्वी नेमके हेच करावयाचे असते. चाक मध्यभागी बोटावर तोलून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. स्पष्ट नाद आला तरच ते वापरावे; शंका आल्यास खुशाल फोडून टाकावे, म्हणजे दुसराही कोणी ते वापरणार नाही. हातातील ग्राइंडरच्या पातळ चकत्या राळेने सांधलेल्या असतात, त्यांस ही परीक्षा लागू पडत नाही. त्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदत मात्र अवश्य पाहावी, कारण राळ कालांतराने व दमटपणाने दुबळी होते. चाक बसवताना दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढू नयेत, नट वाजवीपेक्षा जास्त आवळू नये, आणि यंत्राची पिन विजेच्या खाचेतून बाहेर काढल्यावाचून चाकाला हात लावू नये. नवे चाक आवरणासह किमान एक मिनिट मोकळे फिरू द्यावे आणि त्या वेळी आपण समोर नव्हे, बाजूस उभे राहावे.

मेजावरच्या ग्राइंडरला वस्तू टेकवण्यासाठी लोखंडी टेका असतो. तो आणि चाक यांतील फट ३ मिलिमीटरहून अधिक नसावी. चाक झिजते तशी ही फट वाढते आणि एके दिवशी पटाशीचे टोक वा कारागिराचे बोट तीत ओढले जाते. म्हणून यंत्र बंद करून टेका वेळोवेळी पुढे सरकवावा लागतो. चाकाच्या कडेवरच घासावे, चपट्या बाजूवर दाब देऊ नये. साधे चाक तो आडवा ताण सोसण्यासाठी केलेले नसते. अ‍ॅल्युमिनियमसारखा मऊ धातू त्यावर घासू नये. तो चाकाच्या छिद्रांत गच्च बसतो, मग चाक कापण्याऐवजी नुसते तापते, आणि तापलेले चाक तडकू शकते. बटण बंद केले म्हणजे काम संपले असेही समजू नये. मोटर थांबली तरी चाक बराच वेळ फिरत असते.

पोलाद घासताना ठिणग्यांचा पिसारा उडतो. दिवाळीतील भुईनळ्याची आठवण व्हावी असा तो देखावा असतो. परंतु ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता कण. नुकत्याच कापलेल्या कणाचा ताजा पृष्ठभाग हवेतील प्राणवायूशी संयोग पावून धगधगतो. असा कण डोळ्यात शिरला तर बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रुततो आणि एका दिवसाच्या आतच त्याभोवती गंजाचे कडे धरू लागते. आपला नेहमीचा चष्मा येथे पुरत नाही, कारण कण बाजूने येतात. चारही बाजूंनी बंद असा संरक्षक चष्माच हवा, आणि जवळ उभ्या असलेल्या पाहणाऱ्यासही तो हवा. तरीही कण गेलाच तर डोळा चोळू नये. रुमालाचे टोक, काडीपेटीची काडी वा लोहचुंबक यांचा प्रयोग तर मुळीच करू नये. डोळ्यावर दाब न देता तो झाकावा आणि तडक नेत्रवैद्य गाठावा. आपल्या विद्यानगरातच १९५७ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे मोठे रुग्णालय असताना, उद्या पाहू म्हणून डोळा गमावणे यासारखे दुर्दैव नाही.

बेल्ट सँडरचा स्वभाव निराळा. त्याचा पट्टा मिनिटाला साधारणतः ३०० मीटर वा त्याहून अधिक धावतो, म्हणजे जोरात हाकलेल्या सायकलीइतका. ग्राइंडरपुढे हा वेग किरकोळ वाटतो आणि तेथेच माणूस गाफील राहतो. काचकागदाचा पट्टा बोटाचे कातडे व नख क्षणार्धात सोलून काढतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूस बाण छापलेला असतो. त्या दिशेनेच तो चढवावा, नाहीतर त्याचा सांधा उसवतो. हातातील यंत्र आधी दोन्ही हातांनी पक्के धरून सुरू करावे आणि मग लाकडावर टेकवावे. टेकवलेल्या स्थितीत सुरू केले तर ते घोड्यासारखे पुढे उधळते. मेजावर बसवलेल्या सँडरवर वस्तू नेहमी आडकाठीला टेकवून धरावी, आणि अगदी लहान तुकडे बोटांनी न धरता पकडीत धरावेत.

यापुढचा शत्रू दिसत नाही, तो श्वासावाटे आत जातो. इंग्लंडातील शेफील्ड हे गाव सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध. तेथील धार लावणारे कामगार एकोणिसाव्या शतकात वालुकाश्माच्या धुळीने ऐन उमेदीत दम्यासारख्या रोगाने मरत. आजची बहुतेक चाके वालुकाश्माची नसतात, तथापि फरशी वा दगड कापताना तीच सिलिकाची धूळ उडते. लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली तिचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला. म्हणून साधा रुमाल न बांधता चेहऱ्यास घट्ट बसणारा धूळरोधक मुखवटा वापरावा, सँडरला धूळपिशवी लावावी आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी. याहून एक सूक्ष्म धोका असा की, लाकडाच्या धुळीने भरलेल्या पिशवीच्या सँडरवर कोणी खिळा वा लोखंडी पट्टी घासली, तर ठिणगी पिशवीत जाते, तेथे मंदपणे धुमसत राहते आणि मध्यरात्री आग लागते. लाकूड व लोखंड यांची कामे वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी करावीत आणि निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करून ती अंगणात ठेवावी.

पोशाखाविषयी थोडक्यात सांगतो. सैल बाही, उपरणे, ओढणी, गळ्यातील साखळी, मोकळे केस आणि मेजावरच्या ग्राइंडरजवळ सैल सुती हातमोजे, या सर्वांस फिरता भाग ओढून घेतो. कानांत संरक्षक बोळे घालावेत, कारण कानाची हानी दुखत नाही आणि भरूनही येत नाही. विद्यार्थ्यांनी ही यंत्रे जाणत्या वडीलधाऱ्यांच्या देखरेखीवाचून चालवू नयेत, आणि मोठ्यांनीही घरात दुसरे कोणी नसताना चालवू नयेत.

शेवटी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या देशात १९४८ साली झालेल्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या रक्षणासाठी कलम ३५ होते, आणि कलम ३० असे सांगत होते की, घासकाम चालते तेथे प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा कमाल सुरक्षित वेग व दांड्याचा वेग दाखवणारा फलक कायमचा लावलेला असावा. कारखान्यात हे पाहण्यासाठी निरीक्षक असे. घराच्या पडवीत निरीक्षक येत नाही. तेथे मालक, कामगार आणि निरीक्षक ही तिन्ही माणसे एकच असतात. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी असे यंत्र असेल त्यांना आम्ही सुचवतो की, येत्या रविवारी पाटीवरचे फेरे व चाकाचा व्यास टिपून घ्यावा, परिघाचे सूत्र वापरून वेग काढावा, चाकावर छापलेल्या वेगाशी तो ताडून पाहावा आणि ते आकडे सुवाच्य अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून यंत्रावर टांगावेत. वडिलांना किंवा काकांना उपदेश करण्याचे धाडस त्यांना करावे लागणार नाही. तो पुठ्ठाच ते काम करील.